सोसायटीच्या एसटीपीचं पाणी वापरायचं किंवा बाहेर द्यायचं आहे? परवानगीची वाट, पायरी पायरीने

आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिम भागात, २६४ फ्लॅटची. दर एप्रिलमध्ये गेटवर टँकरची रांग लागायची. त्याच वेळी तळघरातल्या एसटीपीतून, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातून, शुद्ध होऊन निघालेलं पाणी रात्रंदिवस ड्रेनेजला जायचं. एका हाताने पाणी विकत घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने सोडून द्यायचं, हे मला बघवत नव्हतं. सचिव झाल्यावर मी ठरवलं की हे पाणी फ्लशला आणि बागेला पूर्ण वापरायचं आणि उरलेलं शेजारच्या बांधकामाला द्यायचं.

मला वाटलं होतं पाइप जोडले की झालं. प्रत्यक्षात सगळ्या परवानग्या हातात यायला दीड वर्ष लागलं, आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही चुकीच्या क्रमाने कामं केल्यामुळे गेला. तुम्ही कमिटीत नवीन असाल आणि एसटीपी नुकताच गळ्यात पडला असेल, तर ही वाट आधी वाचा. मी महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण सोसायटीपुरतंच लिहिते आहे. कारखान्यांचं गणित वेगळं असतं.

१. आधी बघा, कागद कोणाच्या नावावर आहे

सांडपाण्याबाबतची परवानगी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं, म्हणजे आपण ज्याला एमपीसीबी म्हणतो ते. कायदा १९७४ चा, पाणी प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रणाचा. मंडळाचं संमतीपत्र, ज्याला सगळे ‘कन्सेंट’ म्हणतात, दोन टप्प्यांत मिळतं. बांधकाम सुरू करण्याआधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ आणि लोक राहायला येण्याआधी ‘कन्सेंट टू ऑपरेट’. ही दोन्ही बिल्डरने घ्यायची असतात.

खरी गोची इथेच असते. आमच्या बिल्डरने पहिल्या दोन इमारतींपुरतं ऑपरेटचं पत्र घेतलं होतं. तिसऱ्या आणि चौथ्या इमारतीत लोक राहायला आले, पण पत्रात त्या कधी आल्याच नाहीत. शिवाय पत्राची मुदत आम्ही ताबा घेण्याआधी आठ महिने संपली होती. कोणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. ताबा घेताना आम्ही लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन सगळं तपासलं. एसटीपीचा पंप चालू करून पाहिला आणि सही केली.

म्हणून सगळ्यात आधी बिल्डरकडून हे कागद मागा:

- पर्यावरण मंजुरीची प्रत, म्हणजे ईसी. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला ती लागते.
- एस्टॅब्लिश आणि ऑपरेट, दोन्ही संमतीपत्रं, सगळ्या अटींच्या पानांसकट. बहुतेक वेळा फक्त पहिलं पान देतात. खरा मजकूर मागच्या परिशिष्टांत असतो.
- एसटीपीचा आराखडा, क्षमता, टाक्यांची मापं आणि यंत्रांची यादी.
- प्लंबिंगचा प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा. मंजुरीच्या वेळचा नको, झालेल्या कामाचा हवा.

ही मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. फोनवर मागितलेला कागद कधीच मिळत नाही.

तुमची इमारत २०,००० चौरस मीटरहून लहान असेल तर एमपीसीबीकडे जाण्याआधी महापालिकेच्या बांधकाम विभागाने दिलेलं प्रारंभ प्रमाणपत्र काढून वाचा. सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट त्यातही असू शकते.

२. पाण्याचा हिशोब स्वतः मांडा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. संमतीपत्र म्हणजे शेवटी एवढंच, की तुमच्याकडे रोज इतकं सांडपाणी तयार होतं, त्यातलं इतकं इथे जातं, इतकं तिथे जातं, आणि एक थेंबही बेहिशोबी नाही. हा हिशोब कन्सल्टंटवर सोडला तर तो जुन्या फाइलमधले आकडे उतरवतो. आमच्या बाबतीत तेच झालं.

कागदावरचा हिशोब असा असतो. एका फ्लॅटमध्ये पाच माणसं धरायची. २६४ फ्लॅट म्हणजे १,३२० माणसं. माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ४५ लिटर फ्लशचं. म्हणजे एकूण पाणी १,७८,२०० लिटर आणि त्यात फ्लशला ५९,४०० लिटर. वापरलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे साधारण १,४२,५०० लिटर.

आता आमच्या संमतीपत्रातली अट बघा: प्रक्रिया केलेल्या पाण्यापैकी ६० टक्के पाणी फ्लशसारख्या दुय्यम कामांना परत वापरायचं, आणि उरलेलं बागेला किंवा महापालिकेच्या ड्रेनेजला. १,४२,५०० चे ६० टक्के म्हणजे ८५,५०० लिटर. फ्लशला लागणार ५९,४००. बाकीचे २६,००० लिटर रोज कुठे वापरणार? कागदावर ‘लँडस्केपिंग’ असं लिहून मोकळं होता येतं. पण आमची बाग १,८०० चौरस मीटरची. चौरस मीटरला पाच लिटर धरले तरी ९,००० लिटर होतात.

मग आम्ही खरे आकडे घेतले. एसटीपीत येणाऱ्या पाण्यावर, फ्लशच्या टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर, बागेच्या लाइनवर आणि ड्रेनेजकडे जाणाऱ्या लाइनवर, असे चार मीटर बसवले. रोज सकाळी सात वाजता ऑपरेटर चारही आकडे वहीत लिहायचा आणि मीटरचा फोटो ग्रुपवर टाकायचा. ३० दिवसांची सरासरी काढली तेव्हा चित्र एकदम वेगळं दिसलं. ३९ फ्लॅट बंद होते आणि राहणारी माणसं साधारण ८१० होती. येणारं सांडपाणी ८८,००० लिटर, प्रक्रिया होऊन निघणारं ८१,०००. त्यातलं फ्लशला ३४,०००, बागेला ९,०००, पार्किंग आणि गाड्या धुवायला ४,०००. म्हणजे ४७,००० लिटर, ५८ टक्के. राहिलेलं ३४,००० लिटर ड्रेनेजला, दहा हजारी टँकर धरले तर रोजचे तीन टँकर भरून वर थोडं उरेल एवढं.

तुमचे आकडे वेगळे असतील, पण ते तुमच्या मीटरचे असायला हवेत. दोन गोष्टी विसरू नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बागेला पाणी लागत नाही, तेव्हा ते कुठे जाणार हे हिशोबात वेगळं दाखवा. आणि जवळ महापालिकेची ड्रेनेज लाइन नसेल तर ‘उरलेलं ड्रेनेजला’ असं लिहूच नका. पावसाळ्यात पाहणी झाली की पहिला प्रश्न तोच येतो.

३. प्लांट खरंच चालतोय का, हे बरणीत बघा

अर्जाआधी एसटीपी ठाकठीक हवा. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही. एक लिटरचं काचेचं मोजपात्र आणा, चारशे-पाचशे रुपयांत मिळतं. हवा सोडतात त्या टाकीतलं पाणी त्यात भरा आणि सपाट जागी ठेवून ३० मिनिटं थांबा. हात लावायचा नाही, हलवायचं नाही.

चांगल्या प्लांटमध्ये तपकिरी गाळ हळूहळू एकजीव गोधडीसारखा खाली बसतो आणि वर स्वच्छ पाणी राहतं. गाळाला ओल्या मातीसारखा वास येतो. पहिल्यांदा मी केलं तेव्हा अर्ध्या तासाने तळाशी जेमतेम बोटभर काळा गाळ होता, वरचं पाणी गढूळ, आणि सडक्या अंड्यांचा वास. काळा रंग आणि तो वास म्हणजे टाकीत हवा पुरत नाही, जिवाणू उपाशी नाहीत, गुदमरताहेत. चौकशी केली तेव्हा कळलं की वीजबिल वाचवायला रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद असायचा. हा निर्णय कोणी घेतला होता? आमच्याच आधीच्या कमिटीने. ब्लोअर पूर्ण वेळ चालू केला, टाकीच्या तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे खराब डिफ्यूझर बदलले, आणि पाच आठवड्यांनी त्याच बरणीत तपकिरी गाळ दिसायला लागला. एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे तरंगत्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा, प्लांट असेल तर गाळ मुळात कमी असतो, त्यामुळे प्रमाणावर जाऊ नका. रंग आणि वास मात्र तिथेही तेच सांगतात.

एसटीपीला वेगळा वीजमीटर घ्या. प्लांट चालतो का बंद ठेवतात हे वीजमीटर लपवत नाही, आणि अधिकारीही तो बघतात.

एक गोष्ट अगदी मनापासून सांगते. टाकी साफ करायला कोणालाही आत उतरवू नका. ऑपरेटरला नाही, प्लंबरला नाही, ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसालाही नाही. त्या टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. पहिल्यांदा वास येतो, मग वास येणंच बंद होतं, आणि माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टँक आणि गटारात माणसाला असं धोक्याने उतरवणं हा गुन्हा आहे. सक्शन मशीन मागवा, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. आमच्याकडे टाकीच्या झाकणांना कुलूप आहे आणि किल्ली सुपरवायझरकडे असते.

४. नळजोडणी तपासा, रंग टाकून

फ्लशचं पाणी आणि पिण्याचं पाणी यांच्या लाइन पूर्ण वेगळ्या असल्या पाहिजेत. गच्चीवरच्या टाक्या वेगळ्या, उभे पाइप वेगळे, कुठेही जोड नको. नकाशात वेगळ्या असतात. प्रत्यक्षात बिल्डरच्या प्लंबरने, किंवा नंतर घराचं काम काढलेल्या एखाद्या सभासदाने, कुठेतरी जोड मारलेला असतो.

आम्ही रविवारी सकाळी एकेका इमारतीची तपासणी केली. गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीत हिरवा खायचा रंग टाकला आणि दोन तासांनी प्रत्येक घरात फ्लश ओढून बघितलं. मग त्याच घरात स्वयंपाकघराचा नळ, बेसिन, शॉवर आणि वॉशिंग मशीनचा नळ पांढऱ्या स्टीलच्या वाटीत धरून बघितला. सी इमारतीत सातव्या मजल्यावर एका आजींच्या घरी बेसिनच्या नळातून फिकट हिरवं पाणी आलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “म्हणजे गेली दोन वर्षं मी ह्याने तोंड धुतेय का गं?” मला उत्तर देता आलं नाही. तिथे बाथरूमचं काम करताना कोणीतरी बेसिनची नळी फ्लशच्या लाइनला जोडली होती. त्याच दिवशी जोड तोडला.

ही तपासणी झाल्याशिवाय फ्लशला पाणी सोडू नका. बंद घरांची यादी ठेवा आणि ती उघडल्यावर तपासा. पाइपांवर दर मजल्याला ‘प्रक्रिया केलेलं पाणी, पिऊ नये’ असं मराठी-हिंदीत लिहा. बागेतल्या नळांची तोटी काढून टाका आणि चावीने उघडणारा कॉक बसवा, म्हणजे खेळून दमलेली मुलं तिथे तोंड लावणार नाहीत. बागेत फवारा नको, ठिबक बरं. कच्ची खायची भाजी किंवा कोथिंबीर या पाण्यावर लावू नका.

लोकांची किळस ही खरी अडचण आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. आम्ही सर्वसाधारण सभेत त्या पाण्याची बरणी टेबलावर ठेवली आणि नागपूरचं उदाहरण सांगितलं: महापालिकेच्या भांडेवाडीच्या प्रकल्पात शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं. तरीही बाजूने हात वर झाले ते फ्लशच्या पाण्यात क्लोरीन रोज तपासायचं लेखी कबूल केल्यावरच. ही मागणी रास्त होती. फ्लशच्या टोकाला लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं, असा निकष आम्ही ठेवला आहे.

५. नमुना तुमच्यासमोर भरा

अर्जासोबत शुद्ध केलेल्या पाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना राष्ट्रीय पातळीवर मिळणारी, मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडा आणि नमुना त्यांच्याच माणसाने येऊन घेतला पाहिजे, असं सांगा.

आमचा पहिला अहवाल इतका सुंदर होता की कमिटीत पेढे यायचे बाकी होते. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, फक्त ३. हा आकडा जितका कमी तितकं पाणी स्वच्छ. मग मी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, आकडा बघितला. तो आमच्या पिण्याच्या पाण्याइतकाच होता. पाणी घरात वापरलं की त्यात साबण, मीठ, मूत्रातले क्षार मिसळतात. त्यामुळे सांडपाण्याचा टीडीएस पिण्याच्या पाण्यापेक्षा बराच जास्त असतो आणि साध्या एसटीपीत तो कमी होत नाही. म्हणजे कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने बाटली नळाखाली भरली होती. तो अहवाल आम्ही फाडून टाकला आणि कॉन्ट्रॅक्टरही बदलला. खोटा अहवाल जोडला असता आणि मंडळाने स्वतःचा नमुना घेतला असता, तर सोसायटीची सही त्या खोट्याखाली असती.

नमुना भरताना हे बघा: जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक आणि वेगळी असते, ती आतून धुवायची नाही. बाटल्या बर्फाच्या पेटीत जातात. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहून तुमची सही करा. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस चालते, त्यामुळे ‘उद्या अहवाल देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

आकडे कोणते हवेत? तुमच्या संमतीपत्रावर छापलेले, तेच खरे. आमच्या पत्रावर लिटरमागे मिलिग्रॅममध्ये बीओडी १०, सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) ५०, तरंगते घन पदार्थ २० आणि १०० मिलिलिटरमागे फिकल कोलिफॉर्म, म्हणजे विष्ठेतले जिवाणू, १०० च्या आत, असं आहे. जुन्या पत्रांवर मर्यादा सैल असतात. नूतनीकरणात त्या कडक होऊन येतात, तेव्हा प्लांटची तयारी त्या हिशोबाने ठेवा.

६. फाइल तयार करा

आम्हाला लागलेले कागद:

- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि सर्वसाधारण सभेचा ठराव. ठरावात अर्ज कोणी करायचा, सही कोणाची आणि पाणी कुठे वापरायचं, हे तिन्ही स्पष्ट हवं.
- ईसी आणि जुनी संमतीपत्रं.
- प्रारंभ प्रमाणपत्र आणि सगळ्या इमारतींची भोगवटा प्रमाणपत्रं.
- प्रकल्पाच्या भांडवली गुंतवणुकीचं सीएचं प्रमाणपत्र. मंडळाची फी यावरच ठरते.
- पाण्याचा हिशोब, तक्ता आणि एका पानाची आकृती.
- एसटीपीची माहिती, प्रयोगशाळेचा अहवाल, देखभालीचा करार.
- ड्रेनेज जोडणीचं महापालिकेचं पत्र आणि पाण्याची बिलं.
- जनरेटरची क्षमता आणि ओल्या कचऱ्याची व्यवस्था. अर्ज पाण्याचा असला तरी हे विचारतात.

सगळीकडे सोसायटीचं नाव अक्षरशः सारखं हवं. आमच्या एका कागदावर ‘फेज २’ होतं आणि दुसऱ्यावर नव्हतं. तेवढ्यावरून अर्ज परत आला आणि सहा आठवडे गेले.

७. अर्ज

अर्ज मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरच करायचा. लॉगिन सोसायटीच्या ईमेलने बनवा. कन्सल्टंटच्या किंवा सचिवाच्या खासगी ईमेलने बनवलं, तर पुढच्या कमिटीला त्रुटींचे निरोप दिसतच नाहीत.

कोणता अर्ज, हे नीट ठरवा. मुदत शिल्लक असेल आणि फक्त नाव बदलायचं असेल तर दुरुस्तीचा. मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा, आणि त्यातच नावबदलाची विनंती. काही इमारती पत्रात आल्याच नसतील तर त्या इमारतींसाठी ऑपरेटचा. आमची तिन्ही प्रकरणं एकत्र होती. मी सरळ उपप्रादेशिक कार्यालयात गेले, कागद समोर ठेवले आणि विचारलं. तिथल्या क्षेत्र अधिकाऱ्यांनी दहा मिनिटांत समजावून सांगितलं. दोन महिने इकडेतिकडे विचारण्यापेक्षा पहिल्याच दिवशी जायला हवं होतं.

मागच्या काळातली चूक लपवू नका. परवानगी नसताना प्लांट चालला हे खरं असेल तर कधीपासून, का, आणि आता काय केलं, हे एका पानावर लिहून जोडा. त्याबद्दल फी किंवा बँक गॅरंटी मागितली जाऊ शकते, तेवढी तरतूद आधीच ठेवा.

त्रुटीचा निरोप पोर्टलवर येतो आणि उत्तराला मुदत असते. आठवड्यातून दोनदा लॉगिन करून बघा. अर्ज नाकारला गेला तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं.

८. पाहणी आणि जेव्हीएस

अधिकारी येतील तेव्हा ऑपरेटरला पुढे करा, कन्सल्टंटला नको. आमच्या ऑपरेटर दादांनी स्वतःची वही उघडून चौदा महिन्यांचे आकडे दाखवले. कुठे पेनाची शाई बदललेली, कुठे चहाचा डाग. त्या वहीवर जितका विश्वास बसला तितका माझ्या छापील तक्त्यावर बसला नसता. एका दिवसात लिहून काढलेली वही लगेच ओळखू येते.

मंडळ स्वतःचा नमुना घेतं, त्याला जेव्हीएस म्हणतात. त्या वेळी त्याच पाण्याची एक बाटली तुमच्या प्रयोगशाळेसाठीही भरून घ्या. पाहणीच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या करून स्वच्छ करण्याचा मोह टाळा. गाळ काढला की जिवाणूही जातात आणि नेमक्या त्याच आठवड्यात पाणी बिघडतं.

९. पाणी कुंपणाबाहेर द्यायचं असेल तर

संमतीपत्रात फ्लश, बाग आणि ड्रेनेज एवढंच लिहिलेलं असेल, तर टँकरने बाहेर पाणी देणं त्यात बसत नाही. १९७४ च्या त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार सांडपाणी सोडण्याचा मार्ग नवीन असो किंवा बदललेला, आधी संमती लागते. म्हणून पुरवठ्याचा उल्लेख अर्जातच करा: किती लिटर, कोणत्या कामाला, कोणाला. पुणे महापालिकेने बांधकामासाठी प्रक्रिया केलेलं पाणी वापरायला लावलं आहे आणि स्वतःच्या प्रकल्पांतून टँकरची सोयही केली आहे, त्यामुळे मागणी आहे. तुमच्या महापालिकेचा नियम पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण विभागात जाऊन लेखी विचारून घ्या.

घेणाऱ्याशी लेखी करार करा. धूळ बसवणं, गाड्यांची चाकं धुणं आणि क्युरिंग, म्हणजे नव्या काँक्रीटवर पाणी मारणं, ही कामं सोपी. काँक्रीटमध्ये मिसळायचं असेल तर काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाचे निकष बघावे लागतात: सामू (पीएच) ६ पेक्षा कमी नको, आणि लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत. त्याची जबाबदारी त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी घेतली पाहिजे.

आणि टँकर. आमच्याकडे आलेल्या पहिल्या टँकरवाल्याने सहज सांगितलं, की सकाळी इथून भरतो, दुपारी दुसऱ्या सोसायटीला पिण्याचं नेतो, मध्ये एकदा धुऊन घेतो. आम्ही त्याला गेटवरून परत पाठवलं. सभेत दोन जण म्हणाले, आपल्याला काय करायचंय? ज्या घरात दुपारी तो टँकर रिकामा होणार, तिथेही लहान मुलं आहेत. करारात आता अट आहे: टँकर फक्त याच कामाचा, चारही बाजूंनी ‘प्रक्रिया केलेलं सांडपाणी, पिण्यास अयोग्य’ असं रंगवलेला, आणि त्याचा नंबर गेटवर नोंदवलेला. रखवालदार तारीख, वेळ, नंबर, लिटर आणि ठिकाण लिहितो, आणि साइटवरची सही असलेली पावती परत आल्याशिवाय पुढची फेरी भरत नाही.

१०. पत्र हातात आल्यावर

पहिल्या दिवशी सगळ्या अटी वाचा आणि प्रत्येक अटीसमोर कोण करणार, किती दिवसांनी, हे लिहा. प्रत फलकावर लावा. दरवर्षी ३१ मार्चपर्यंतच्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरच्या आत भरायचं असतं. नवीन कमिट्या हेच विसरतात, कारण निवडणुका आणि गणपती त्याच सुमारास असतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी करायचा. आम्ही १२० दिवस आधी तयारी सुरू करतो, कारण सीएचं प्रमाणपत्र आणि पाण्याचा अहवाल मिळायलाच महिना जातो.

फाइलच्या आतल्या बाजूला मुदतीची तारीख, पोर्टलचं लॉगिन आणि टाक्यांच्या कुलपांची किल्ली कोणाकडे आहे, हे तीन ओळींत लिहून ठेवा. कमिटी बदलेल तेव्हा नवीन सचिवाला घेऊन तळघरात जा, त्यांच्यासमोर बरणी भरा, अर्धा तास तिथेच थांबा, आणि मग फाइल देऊन सही घ्या.